शेतकामाची प्रतवारी कोणी ठरवली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शेतीच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा जमीन, पाणी, कर्ज आणि भाव या चार खांबांभोवती फिरते. ती तशी फिरणे स्वाभाविकही आहे. कारण या चारही बाबतींत ग्रामीण माणसाची लूट झाली आहे आणि तिच्याविरुद्धचे लढेही याच मुद्द्यांवर उभे राहिले. परंतु या चर्चेत पाचवी एक गोष्ट सतत गृहीत धरली जाते, ती म्हणजे प्रत्यक्ष काम. ‘शेतकरी उन्हातान्हात राबतो’ या एका वाक्यात ते उरकले जाते. राबणे म्हणजे नेमके काय, वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणत्या हातांनी कोणते काम होते, त्यांतले कोणते जड आणि कोणते हलके ठरले, आणि ते ठरवले कोणी, हे प्रश्न सभांमधून फारसे विचारले जात नाहीत. वस्तुतः मजुरीचा दर, उत्पादनखर्चाचा हिशेब आणि शेवटी शेतमालाचा भाव या तिन्हींची मुळे याच प्रश्नांत आहेत.

देशावरच्या एखाद्या जिरायत गावाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. रब्बी निघाली की नांगरट सुरू होते. नांगरलेले रान उन्हात तापू द्यायचे, ढेकळे फोडायची, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, धसकटे आणि हराळीच्या काशा वेचून बांधावर टाकायच्या, उकिरड्यातले शेणखत गाडीने नेऊन पसरायचे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पाभर जुंपली जाते. चाड्यावर मूठ धरून बी सारखे सोडणे हे मोठे कसब समजले जाते, आणि ते आहेही. मूठ चुकली तर ओळ विरळ उगवते आणि सारे गाव ती वर्षभर पाहते. पाभरीच्या मागे दोरीने बांधलेल्या वेगळ्या नळीतून, जिला विदर्भात सरता म्हणतात, तुरीचे किंवा दुसऱ्या आंतरपिकाचे बी सोडीत बहुधा बाई चालते. तिच्याही मुठीला तेवढेच कसब लागते, पण त्याची वाखाणणी क्वचितच ऐकू येते. पीक चार पानांवर आले की कोळपणी आणि खुरपणी. खुरपण्या दोन, कधी तीन. मग राखण. मग ज्वारी काढायची, कणसे मोडायची, खळ्यावर बैल फिरवून मळायची, वाऱ्यावर उपणायची, कडबा बांधून गंज रचायची. कोकणात चित्र निराळे: राब भाजणे, चिखलणी, रोपे उपटून लावणी, कापणी, झोडणी. विदर्भात कपाशीची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पुढे महिनोन्‌महिने चालते. बागायतीत रात्रीबेरात्री दारे धरण्यापासून उसाच्या बांधणीपर्यंत कामांची निराळीच रांग. कांद्याच्या पट्ट्यात रोप लावणे, काढणे, पात कापणे, चाळ भरणे.

एकाच कामाला प्रांताप्रांतात वेगवेगळी नावे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातली खुरपणी विदर्भ-खानदेशात निंदणी होते आणि कोल्हापूरकडे भांगलण. कोळपणीची विदर्भात डवरणी होते. भाषेने प्रत्येक कामाला त्याचे स्वतंत्र नाव दिले. मजुरीच्या वहीत मात्र रकाने दोनच राहिले: ‘गडी’ आणि ‘बाई’.

हे दोन रकाने कसे पडले, ते पाहणे उद्‌बोधक आहे. कामांची यादी समोर ठेवली की एक नियम लक्षात येतो. जेथे औत आहे, बैल आहेत, लोखंडाचा फाळ आहे, तेथे पुरुष. जेथे केवळ हात आहेत, फार तर विळा-खुरपे आहे, तेथे स्त्री. नांगरणी, कुळवणी, पेरणी, कोळपणी, मोट हाकणे ही सारी पुरुषांची कामे. धसकटे वेचणे, खुरपणी, रोपलावणी, कापूस वेचणे, शेंगा तोडणे, उपणलेले धान्य पाखडणे ही बायकांची. या वाटणीला धर्माचाही आधार देण्यात आला. बाईने नांगराला हात लावू नये, लावला तर पाऊस रुसतो, अशी समजूत देशाच्या अनेक भागांत रूढ होती आणि काही ठिकाणी ती अजून पुरती गेलेली नाही. याच बाईने त्याच रानात दिवसभर चिखलात उभे राहून भात लावले तर पाऊस रुसत नाही! डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, फिरत्या शेतीच्या आफ्रिकी प्रदेशांत शेतकामाचा मोठा भाग स्त्रियांकडे होता आणि जेथे नांगर आला तेथे शेतीची सूत्रे पुरुषांकडे गेली. अवजार ज्याच्या हाती त्याचे काम प्रतिष्ठेचे. हा नियम कारखान्यापुरता नाही, तो बांधावरही लागू आहे.

आता ‘हलके’ या विशेषणाचा समाचार घेऊ. खुरपणीचे काम हलके समजले जाते, कारण त्यात ओझे नाही. पण ते काम उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून पाच-सहा तास, पुढे सरकत सरकत करावे लागते. भाताच्या लावणीत पाय घोट्याच्या वर पाण्यात आणि पाठ आडवी. कापसाच्या वेचणीत कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटे फाटतात. नांगर धरणाऱ्यालाही कष्ट आहेत, यात शंका नाही. पण तो सरळ उभा असतो, दुपारी बैल सोडावेच लागतात आणि बैलांच्या विसाव्याबरोबर त्यालाही विसावा मिळतो. वाकलेल्या बाईला विसावा देणारा बैल तिच्या पुढे नसतो.

कष्टाचे असे, कसबाचेही तसेच. खुरपणी ‘अकुशल’ समजली जाते. परंतु चार पानांचे पीक आणि चार पानांचे तण यांतला भेद ओळखणे, पिकाच्या मुळाला धक्का न लावता तण मुळासकट काढणे, ज्वारीतला टारफुला फुलावर येण्याआधी उपटणे, लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली तर आठवड्यात तो पुन्हा वर येतो हे जाणून खोल खुरपे घालणे, हे ज्ञान नव्हे तर काय? हीच बाई तण काढताना घोळ, तांदुळजा वेगळा काढून संध्याकाळच्या भाजीची तजवीज करते आणि उरलेल्या गवताचा भारा शेळीसाठी डोक्यावर नेते. तिच्या मजुरीचा हा वस्तुरूप भाग कोणत्याच पाहणीत येत नाही. बियाणे विकत घेण्याची प्रथा सार्वत्रिक होण्यापूर्वी ठसठशीत कणसे निवडून ते बी राखेत घालून, कडुनिंबाचा पाला मिसळून राखणारीही घरातली बाईच होती. आज त्या कामाला बीजोत्पादन आणि बीजप्रक्रिया म्हणतात, आणि त्यासाठी कंपन्या उभ्या आहेत.

मोजणी करणारा जसा प्रश्न विचारतो तसे उत्तर येते, याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या जनगणनेतच आहे. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासभर जरी नियमित काम केले तरी त्या व्यक्तीची नोंद कामकरी म्हणून झाली. १९७१ साली प्रश्न बदलला; ‘मुख्य उद्योग कोणता’ असे विचारण्यात आले. घरकामही करणाऱ्या आणि शेतातही राबणाऱ्या बाईचा मुख्य उद्योग घरच्या पुरुषाने सांगितला: घरकाम. परिणाम असा की देशातील कामकरी स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटींवरून तीन कोटींच्या आसपास आली. दहा वर्षांत तीन कोटी बायका शेतातून उठून घरी बसल्या, असे कोणीही मानणार नाही. बाया तेथेच होत्या, खुरपे तेच होते. नोंदवहीतला रकाना तेवढा बदलला. आकडेवारीवर विसंबून धोरणे आखणाऱ्यांनी ही घटना विसरता कामा नये. दुर्दैवाने विसरली जाते.

जनगणनेचा दुसरा आकडाही ध्यानात घ्यावा लागेल. १९५१ साली भारतात सुमारे सात कोटी जमीन कसणारे आणि पावणेतीन कोटी शेतमजूर होते. २०११ साली कसणारे सुमारे बारा कोटी होते, तर शेतमजूर चौदा कोटींहून अधिक. महाराष्ट्रातही त्या जनगणनेत शेतमजुरांची संख्या कसणाऱ्यांहून अधिक भरली. म्हणजे ‘शेतीत काम करणारा’ म्हटल्यावर जो स्वतःच्या बांधावरचा शेतकरी मनात येतो तो आता बहुसंख्य नाही. शिवाय ही विभागणीही कागदावरचीच. महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. सव्वातीन एकरांचा धनी आपल्या रानातली पेरणी उरकून दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो, आणि त्याची बायको तर त्याच्याही आधीपासून जात असते. अशा कुटुंबाला सकाळी शेतकरी म्हणायचे की संध्याकाळी मजूर, हा प्रश्न जनगणनेला पडतो. त्या कुटुंबाला तो पडत नाही.

मजुरीच्या पद्धतींकडे वळू. रोज, उक्ते आणि साल असे तीन मुख्य प्रकार. यांखेरीज लहान शेतकऱ्यांत सावड होती, इर्जिक होते. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्यासाठी पडकई होती. एकमेकांच्या रानात फिरून केलेल्या या कामाला पैशाचा स्पर्श नव्हता. त्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही, कारण बरोबरीच्या लोकांतच ती चालत असे आणि भूमिहीनाला सावड घालायला स्वतःचे रानच नव्हते. पण कामाचा मोबदला कामानेच देताना त्यात निदान ‘कोणाचे काम जास्त मोलाचे’ हा वाद कमी होता, एवढे खरे.

सालाची पद्धत याच्या अगदी उलट. पाडव्याला ठराव होतो आणि पुढल्या पाडव्यापर्यंत सालगड्याने कोणते काम करायचे याची यादी नसते. तो पडेल ते काम करतो. बैलांना वैरण, शेण काढणे, रात्रीचे पाणी, धन्याच्या घरची लाकडे. अनेकदा त्याच्या बायकोचे काम त्याच ठरावात न बोलता धरलेले असते. १९७२ नंतर शहादा भागात श्रमिक संघटनेने भिल्ल सालदारांचा आणि मजुरांचा जो लढा उभारला त्यात मजुरीचा दर हा एक मुद्दा होता, पण त्याच्या इतकाच मोलाचा मुद्दा सालदाराच्या कामाला काही सीमा असावी हा होता. कामाचे प्रकार आणि तास ठरल्याशिवाय मजुरीचा आकडा पोकळ असतो, हे तेथील निरक्षर भिल्ल स्त्री-पुरुषांना कायदेपंडितांच्या आधी उमगले होते.

कायद्याने काय केले? १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीचा समावेश होता. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेत हे दोन्ही कायदे सामावून घेण्यात आले. समान वेतनाच्या तरतुदीची भाषा आहे ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ अशी. ऐकायला ती न्याय्य वाटते. गिरणीत एकाच साच्यावर बाई आणि पुरुष काम करीत असतील तर ती उपयोगीही पडते. शेतात मात्र ती लटकी पडते. कारण शेतात प्रथेनेच बाईला एक काम आणि पुरुषाला दुसरे काम दिलेले आहे. तुलना करायला ‘तेच काम’ सापडतच नाही. खुरपणारा पुरुष मजूर क्वचितच असतो आणि नांगरणारी बाई जवळजवळ नसतेच. वास्तविक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या शंभराव्या करारात शब्द आहेत ते ‘समान मूल्याचे काम’ असे, आणि भारताने तो करार १९५८ साली मान्य केला. ‘तेच काम’ आणि ‘समान मूल्याचे काम’ या दोन शब्दप्रयोगांत सारा फरक आहे. दुसरा मानला तर खुरपणी आणि कोळपणी यांचे मूल्य शेजारी शेजारी ठेवून तपासावे लागेल. दोहोंचे उद्दिष्ट एकच: तण काढणे. ओळींमधले तण कोळप्याने निघते आणि ओळीतले खुरप्याने. ओळीतले राहिले तर पीक मार खाते. मग एकाचा रोज दुसऱ्याच्या निम्मा-पाऊण का, याचे उत्तर धन्याला द्यावे लागेल.

त्याचे एक उत्तर ठरलेले आहे: बायका उशिरा येतात. हे खरेच आहे. अनेक गावांत पुरुषाचा रोज सकाळी आठला सुरू होतो आणि बाईचा दहा-अकराला. पण ती तोवर निजलेली नसते. पाणी, भाकरी, शेणघाण, मुले हे सारे उरकून ती निघते, आणि धन्याच्या शेतावर आठला पोचलेल्या तिच्या नवऱ्याच्या फडक्यात बांधलेली भाकरीही तिनेच थापलेली असते. २०१९ साली केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात गेल्याचे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. धन्याला मजूर ताजातवाना आणि जेवणासह मिळतो, त्यामागची ही बिनमोल मेहनत आहे.

यंत्रे आली तेव्हा ही प्रतवारी मोडेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. मोटेची जागा पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने, खळ्याची मळणीयंत्राने. सव्वातीन एकरांवर बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही, म्हणून लहान शेतकरीही तासावर ट्रॅक्टर लावतो. त्यात गैर काही नाही. या यंत्रांनी आधी पुरुषांची कामे खाल्ली, पण त्यांच्या जागी चालकाचे अधिक मजुरीचे कामही पुरुषालाच दिले, आणि ज्यांना ते मिळाले नाही ते शहराकडे गेले. शेतात उरल्या त्या बायका आणि त्यांची हाताची कामे. मळणीयंत्रात पेंढी सारताना हात तुटण्याचे प्रकार इतके वाढले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. त्या कायद्याची माहिती किती ग्रामपंचायतींना आहे, हा भाग वेगळा.

आणि आता पाळी बायकांच्या कामाची आहे. ती यंत्राने नव्हे, तणनाशकाने आणली. सोयाबीनमध्ये तणनाशक सरसकट आले. कपाशीत तणनाशकाला दाद न देणारे वाण, ज्याला शासनाची परवानगी नव्हती, ते चोरून पेरले जाऊ लागले, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. त्या शेतकऱ्यांचा युक्तिवाद कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. ऐन हंगामात निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सारे पीक त्यांच्या मजुरीत जाते, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु ‘बाया मिळत नाहीत’ या वाक्याचा उत्तरार्ध असा असतो: ‘या दरात’. निंदणीचे काम थोड्या आठवड्यांत एकवटते, सर्वांना एकाच वेळी माणसे हवी असतात, आणि त्याच काही आठवड्यांत भूमिहीन बाईला वर्षाची मजुरी गाठायची असते. फवारणीने शेतकऱ्याचे काही पैसे वाचतात; तिचा मात्र अख्खा हंगाम जातो. शिवाय ज्वारीत तूर, मूग, मटकी असे मिश्र पीक घेणाऱ्याच्या रानात तणनाशक चालवणे अवघड, कारण जे तणाला मारते ते कडधान्यालाही मारू शकते. म्हणजे फवाऱ्याच्या सोयीसाठी पीक एकसुरी करायचे, आणि घोळ-तांदुळज्याचीही त्याबरोबर बोळवण.

फवारणी हे स्वतःदेखील एक शेतकाम आहे, आणि नव्या कामांत सर्वांत घातक. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, अंगावर ना मुखवटा ना हातमोजे. पुरुष फवारीत होते आणि बाया हौदातून पाणी आणून औषध कालवून देत होत्या. दगावलेल्यांत शेतकरीही होते आणि रोजाने फवारायला गेलेले मजूरही. या कामाची मजुरी इतर कामांपेक्षा थोडी अधिक असते. त्या थोडक्या अधिकात जिवाची किंमत धरली आहे.

ऊसतोडीचा विचार केल्याशिवाय महाराष्ट्रातल्या शेतकामाचे चित्र पुरे होत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कारखान्यांच्या परिसरात उतरतात. तेथे मोजमापाचे एकक आहे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये भरणे. या सगळ्यात बाईचा निम्मा वाटा आहे. पण उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, टनाचा हिशेब नवऱ्याशी. खाडा झाला तर दंड आहे. तो बाईच्या आजारपणाचा असो वा बाळंतपणाचा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दोन माणसांच्या कामाचे एक नाव ठेवले की त्यांतल्या एकाच्या शरीराचे काय होते याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. सहकारी साखर कारखानदारीचा अभिमान बाळगणाऱ्या पुढाऱ्यांनी सभासद शेतकऱ्याला सहकारात घेतले. कोयत्याला घेतले नाही.

येथे शेतकरी कार्यकर्ते एक आक्षेप घेतील, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मजुरी वाढली तर मरण लहान शेतकऱ्याचेच आहे, कारण मालाचा भाव त्याच्या हातात नाही, असे ते म्हणतील. हा आक्षेप खोटा नाही. पण आधारभूत किमतीचा हिशेब कसा होतो ते पाहावे. शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेल्या खर्चाला ए-२ म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या मेहनतीचे मूल्य मिळवले की होतो ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट भावाची जी घोषणा झाली ती ए-२ अधिक एफएल या खर्चावर आधारलेली होती. शेतकरी संघटना सी-२ मागतात, आणि त्यांची मागणी रास्त आहे. परंतु एफएल म्हणजे काय? घरच्या माणसांच्या कामाचे मोल. आणि ते मोल मजुरीच्या दरांवरूनच ठरते. गावात ‘बाई’च्या रकान्यात जो दर पडला आहे तोच घरधनिणीच्या खुरपणीचा, वेचणीचा, काढणीचा दर! शेजारणीला निम्म्या मजुरीत राबवून शेतकऱ्याने चार पैसे वाचवले असे त्याला वाटते. त्याच हिशेबाने दिल्लीत त्याच्या बायकोचे, आईचे, सुनेचे काम निम्मे धरले जाते आणि त्याच्या मालाचा भाव तेवढा खाली बसतो. लहान शेतकऱ्याच्या रानात घरच्या मेहनतीचा वाटा मोठा, म्हणून त्याचाच तोटा मोठा.

हा मुद्दा समजला तरी शेतकऱ्याची अडचण सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मजुरी आज द्यावी लागते, भाव पुढल्या वर्षी वाढला तर वाढतो, आणि आधारभूत किमतीने खरेदी होते ती मोजक्याच पिकांची. यास्तव मजुरीची मागणी आणि भावाची मागणी वेगवेगळ्या मोर्च्यांतून नेणे हा आत्मघात आहे. १९८० नंतरच्या शेतमालाच्या भावाच्या आंदोलनांत मजुरांचा प्रश्न ‘भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल’ असे म्हणून पुढे ढकलला गेला. आणि मजुरांच्या संघटनांनी अनेकदा दोन एकरवाल्यालाही जमीनदाराच्या पंगतीत बसवले. दोघांचेही नुकसान झाले.

कामाच्या मोजणीत समानता आणता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात बसवली गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तिच्यात मजुरी कामाच्या मापाने होती. किती घनमीटर माती काढली, किती खडी फोडली, त्याप्रमाणे. खडी फोडणारा हात बाईचा की पुरुषाचा हे माप विचारीत नव्हते. मापात चोरी झाली, हजेरीपटावर खोटी नावे चढली, पाळणाघरे कागदावर राहिली, हे सारे घडले. तरी ‘गडी’ आणि ‘बाई’ हे दोन रकाने तेथे नव्हते, आणि त्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. जेथे ते काम गावाजवळ नियमित चालले तेथे धन्याशी बोलताना बाईच्या तोंडी ‘नाहीतर हमीवर जाते’ हे शब्द आले. घासाघीस करण्यासाठी दुसरा दरवाजा उघडा असावा लागतो.

कार्यकर्त्यांनी करायचे काम तसे साधे आहे, आणि ते पावसाळ्यापूर्वी करता येण्यासारखे आहे. आपल्या गावातल्या प्रमुख पिकाच्या सर्व कामांची यादी करावी. शेणखत टाकण्यापासून धान्य कणगीत पडेपर्यंत. ती यादी पुरुषांच्या बैठकीत करू नये, कारण निम्मी कामे त्यांना आठवणार नाहीत. प्रत्येक कामापुढे ते कोण करते, एकराला किती दिवस लागतात, किती तास वाकून आणि किती उभे राहून, मजुरी रोजाने की उक्ती, आणि घरच्या बाईने केले तर तिचे नाव कोठे लिहिले जाते, एवढे लिहावे. ज्या गावात निंदणी उक्त्याने जाते तेथे ओळीमागे दर किती, याची नोंद वेगळी ठेवावी. उक्त्यात बाईला दिवसाचे जे पैसे पडतात त्यांची तिच्या रोजाशी तुलना केली, तर ‘हलक्या’ कामाची गावाने स्वतःच मान्य केलेली किंमत समोर येईल. पाडव्याला सालगड्यांचे ठराव होतात त्या सुमारास ही यादी ग्रामसभेत वाचता येईल, आणि दर ठरवताना अल्पभूधारक शेतकरी आणि मजूर बाया एकाच बाकावर बसवता येतील. अर्थात त्या सभेची वेळ सकाळी दहाची ठेवली तर बाया येणार नाहीत. ती रात्री, भाकऱ्या झाल्यावर ठेवावी लागेल, आणि त्या दिवशी भाकऱ्या कोण थापणार हेही आधी ठरवावे लागेल.